गाडीचा जाब विचारायचा कुणाला?

कोल्हापूर स्टेशनवर रात्रीच्या गाडीची वाट बघत बसलं की एक विषय हमखास निघतो. ‘सह्याद्री मुंबईला जात न्हाई, पुण्यातच थांबती. का? आणि हे इचारायचं कुणाला?’ मार्च २०२० च्या टाळेबंदीत सह्याद्री एक्सप्रेस थांबली आणि पुढे परत आली ती पुण्यापर्यंतच. ‘का’ याचं उत्तर प्रत्येकाकडे वेगळं असतं. ‘कुणाला’ याचं मात्र कुणाकडेच नसतं. स्टेशनवरचा अधिकारी पुणे विभागाकडे बोट दाखवतो, विभाग मुंबईच्या मुख्यालयाकडे, मुख्यालय दिल्लीतल्या रेल्वे बोर्डाकडे. बोर्डाच्या वर मंत्री आणि मंत्र्यासमोर संसद. ही शेवटची पायरी आयती मिळालेली नाही. ती नव्हती तेव्हाचे दिवसही याच स्टेशनाने पाहिले आहेत.

मिरज-कोल्हापूर मार्गाची पहिली कुदळ १८८८ मध्ये पडली, ती शाहू महाराजांच्या हस्ते. तेव्हा ते लहान होते, राज्यकारभार अजून हाती आला नव्हता. १८९१ मध्ये गाडी सुरू झाली. रेल्वे कोल्हापूर संस्थानची, चालवायला सदर्न मराठा रेल्वे कंपनी. कंपनीला जाब विचारायचा तर तो दरबारने. प्रजेच्या हातात होता फक्त अर्ज. अर्जाला उत्तर मिळालं तर ती मेहेरबानी असते; सभागृहातल्या प्रश्नाला उत्तर देणं हे बंधन असतं. या लेखातली पुढची सगळी हकीकत एवढ्याच फरकाची आहे. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, रेल्वे केंद्राकडे गेली आणि या मार्गाबद्दल विचारण्याची जागा जुन्या राजवाड्यावरून दिल्लीला सरकली.

तिकडे ब्रिटिश हिंदुस्थानात वेगळंच भांडण चालू होतं. रेल्वे कंपन्यांना भांडवलावर परताव्याची हमी सरकारने दिलेली, त्यामुळे तोटा आला तरी भरणारा करदाता. विल्यम अ‍ॅकवर्थ यांच्या समितीने १९२१ मध्ये सांगितलं की रेल्वे सरकारने स्वतः चालवावी आणि तिचा हिशेब सामान्य अर्थसंकल्पापासून वेगळा ठेवावा. सप्टेंबर १९२४ मध्ये केंद्रीय कायदेमंडळाने तसा ठराव केला आणि स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प सुरू झाला. वर्षातून एकदा रेल्वेचा अख्खा जमाखर्च सभागृहापुढे मांडला जाऊ लागला. पण व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाला ते सभागृह खाली खेचू शकत नव्हतं. सदस्य प्रश्न विचारत, खर्चाची मागणी कमी करण्याच्या कपात सूचना आणत, कधी मतदानात जिंकतही. सरकार तसंच बसून राही. ती उणीव राज्यघटनेच्या कलम ७५(३) ने भरून काढली. मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार आहे, असं ते कलम सांगतं.

कलम लिहून झालं तरी त्याचा अर्थ वागण्यातून ठरायचा होता. तो ठरला १९५६ साली, आणि त्या वर्षाजवळ मला थोडं थांबायचं आहे.

त्या वर्षी महबूबनगरजवळ पूल कोसळून गाडी खाली गेली, शंभराहून अधिक माणसं मेली. रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्रींनी राजीनामा देऊ केला. पंतप्रधान नेहरूंनी तो स्वीकारला नाही. नोव्हेंबरमध्ये अरियालूरला पुराने पूल खचला आणि पुन्हा तेच घडलं, मृतांचा आकडा दीडशेच्या आसपास गेला. शास्त्रींनी पुन्हा राजीनामा दिला. या वेळी नेहरूंनी तो स्वीकारला आणि आपली भूमिका लोकसभेत मांडली. अपघाताला शास्त्री व्यक्तिशः जबाबदार आहेत असं आपल्याला वाटत नाही, पण घटनात्मक औचित्याच्या दृष्टीने हा पायंडा पडायला हवा, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. पूल काही शास्त्रींनी बांधला नव्हता आणि पुराचं पाणीही त्यांच्या हातात नव्हतं. तरीही ज्या खात्याचं श्रेय मंत्री घेतो त्या खात्याचं अपश्रेयही त्याचंच, हे त्या दिवशी स्पष्ट झालं. पुढे गैसालच्या अपघातानंतर १९९९ मध्ये नीतीशकुमारांनी पद सोडलं. सुरेश प्रभूंनी २०१७ मध्ये लागोपाठच्या अपघातांनंतर राजीनाम्याची तयारी दाखवली. अशी उदाहरणं बोटावर मोजण्याइतकीच आहेत. पायंडा पडला, पण त्याची सवय झाली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रेल्वे निदान थेट सरकारी खातं आहे. महामंडळांचं प्रकरण अधिक अवघड. सार्वजनिक सेवा सरकारी मालकीची असावी पण रोजचा कारभार तज्ज्ञांच्या मंडळाने चालवावा, हा विचार ब्रिटनमध्ये मजूर पक्षाचे नेते हर्बर्ट मॉरिसन यांनी लंडनच्या वाहतुकीसाठी मांडला आणि १९३३ मध्ये तसं मंडळही उभं राहिलं. धोरणाबद्दल मंत्री बोलेल, दैनंदिन कारभारात पडणार नाही, अशी ही वाटणी. आपण तीच उचलली. १९५० चा मार्ग परिवहन महामंडळ कायदा आला, त्याखाली एसटी. १९५३ मध्ये विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण होऊन एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स. वाटणी कागदावर छान दिसते. प्रत्यक्षात ‘हा दैनंदिन कारभाराचा भाग आहे’ हे वाक्य मंत्र्यांना ढालीसारखं वापरता येतं. मुक्कामाची गाडी बंद झाली तर तो दैनंदिन कारभार, आणि जिथे अशा शंभर गाड्या बंद होतात तिथेही दैनंदिन कारभारच. मग धोरण कुठे सुरू होतं?

हा धोका लवकर ओळखला गेला होता. पहिल्या लोकसभेतच खासदार लंका सुंदरम यांनी महामंडळांवर देखरेखीसाठी संसदेची वेगळी समिती मागितली. मागणी रेंगाळली. मग आलं मुंदडा प्रकरण. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे शेअर घेतले, तो व्यवहार खासदार फिरोज गांधींनी डिसेंबर १९५७ मध्ये लोकसभेत उघडा पाडला. न्यायमूर्ती छागला यांच्या आयोगाने मुंबईत उघड सुनावणी घेतली. सचिवाने केलं, मला माहीत नव्हतं, हा बचाव टिकला नाही आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना १९५८ मध्ये जावं लागलं. विषय विम्याचा असला तरी धडा सगळ्या महामंडळांना लागू होता. अखेर १९६४ मध्ये संसदेची सार्वजनिक उपक्रम समिती स्थापन झाली. धोरणाच्या मोठ्या बाबी आणि दैनंदिन कारभार मात्र तिच्याही कक्षेबाहेरच ठेवले गेले.

एसटीबद्दल दिल्लीत विचारून उपयोग नाही, ती राज्याची. तिचे लेखापरीक्षित हिशेब विधिमंडळापुढे ठेवावे लागतात आणि आमदारांना तारांकित (तोंडी उत्तराचे), अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न विचारता येतात. विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांची यादी एकदा हातात घेऊन बघावी. वर प्रश्न: ‘(१) अमुक मार्गावरील बसफेऱ्या बंद केल्याने प्रवाशांचे हाल होत आहेत, हे खरे आहे काय, (२) असल्यास, चौकशी केली आहे काय, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ आणि खाली उत्तर: ‘(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.’ गगनबावड्याच्या किंवा शाहूवाडीच्या एखाद्या वाडीत मुलगी शाळेला चालत जाते आणि तिच्यासाठी विचारलेला प्रश्न उद्भवतच नाही. अनेकदा परिवहन मंत्रीच एसटीचा अध्यक्ष असतो. मग महामंडळावर देखरेख ठेवणारा आणि महामंडळ चालवणारा एकच माणूस होतो. अशा वेळी स्वायत्ततेची ढाल त्याने पुढे करू नये, एवढं तरी सभागृहाने बजावायला हवं.

रेल्वेकडे परत येतो. १९९३ मध्ये खातेनिहाय स्थायी समित्या आल्या आणि रेल्वेच्या अनुदान मागण्या, म्हणजे खर्चासाठी मागितलेल्या रकमा, सभागृहापूर्वी समितीत तपासल्या जाऊ लागल्या. हे काम चांगलं आहे, पण समितीच्या बैठका बंद दाराआड होतात. रेल्वे अर्थसंकल्पाच्या दिवशी मात्र सगळं उघड्यावर असायचं. दुपारी रेडिओ, टीव्ही लावून ‘कोल्हापूरला काय मिळालं?’ हे शोधायचं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात खासदारांची खरडपट्टी किंवा कौतुक वाचायचं. २०१७ पासून हा अर्थसंकल्प सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला, ९२ वर्षांची प्रथा संपली. ती घोषणांची जत्रा झाली होती, हा आक्षेप खोटा नव्हता. पण घोषणा झाली की ती पुढच्या वर्षी पुन्हा विचारण्याचा दिवसही ठरलेला होता. कोल्हापूर-वैभववाडी मार्ग, शंभर किलोमीटरहून थोडा अधिक, घाट उतरून कोकण रेल्वेला जोडणारा, शेवटच्या स्वतंत्र अर्थसंकल्पात म्हणजे २०१६-१७ मध्येच आला. नंतर तो दिवसच उरला नाही. आता रेल्वेच्या मागण्यांवर सभागृहात किती वेळ मिळेल हे त्या त्या वर्षीच्या कामकाजावर ठरतं. जुलै २०१९ मध्ये लोकसभा त्यासाठी जवळजवळ मध्यरात्रीपर्यंत बसली होती, म्हणजे मनात आणलं तर वेळ निघतो.

सभागृहच नसलं की काय होतं, तेही कोल्हापुरात बघायला मिळालं. नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षं प्रशासकाचा कारभार होता. केएमटीची, म्हणजे महापालिकेची, बस आली नाही तर नगरसेवकाला रस्त्यात गाठून विचारायची सोय त्या काळात नव्हती. पुन्हा अर्जच.

खासदारांच्या हातात असलेलं एक साधन फारसं चर्चेत येत नाही. १९५३ मध्ये लोकसभेत सरकारी आश्वासन समिती सुरू झाली. मंत्री सभागृहात ‘बाब विचाराधीन आहे’ किंवा ‘मी माहिती घेतो’ असं म्हणाले, तर ते नुसतं बोलणं राहत नाही. आश्वासन म्हणून त्याची नोंद होते आणि तीन महिन्यांत ते पुरं करावं लागतं, नाहीतर मुदतवाढ मागावी लागते. सह्याद्रीबद्दल किंवा वैभववाडीबद्दल आपल्या खासदाराला पत्र लिहिताना निवेदन लिहू नका, प्रश्न लिहून द्या. तारीख, गाडी क्रमांक, कधीपासून बंद आणि खाली ती जुनी ओळ: नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?