चाक स्टडवर टांगलेलं नसतं

इंदूरला देवास नाक्याच्या बाजूला पिकअपला नवी अलॉय चाकं बसवायला गेलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘चूडी बैठ गई ना, फिर कोई भी नट चलेगा.’ हा समज धोक्याचा आहे.

आटे जुळणं ही फक्त पहिली अट. एम १२ × १.५ म्हणजे १२ मिलिमीटर व्यास आणि लगतच्या दोन आट्यांत १.५ मिमी अंतर, म्हणजेच पिच. असा नट स्टडवर, म्हणजे चाकाच्या भोकातून बाहेर येणाऱ्या आटेदार दांड्यावर, किमान आठ फेरे चढायला हवा. १.२५ पिचच्या स्टडवर तो थोडा फिरून अडतो, आणि पाना मारून रेटला की आटे जातात. एवढं कुठलाही मेकॅनिक जाणतो. खरं विज्ञान नटाच्या बुडाशी आहे.

गाडीचं वजन स्टडवर टांगलेलं असतं असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात नट आवळताना पोलादी स्टड लांबतो, आणि मूळ लांबीकडे परतण्याच्या त्याच्या ओढीने चाक हबवर, म्हणजे ज्याला ते बसतं त्या मधल्या फिरत्या भागावर, घट्ट दाबलं जातं. माल भरून ए. बी. रोडने खलघाटाकडे उतरताना ब्रेकचा जोर पेलतं ते मुख्यतः चाक आणि हब यांच्यातलं घर्षण. कोरड्या आट्यांसाठी टॉर्कला, म्हणजे नट आवळताना दिलेल्या पिळाच्या जोराला, व्यासाने आणि ०.२ या गुणांकाने भागलं की ही ओढ मिळते. १०० न्यूटन-मीटरला ती सुमारे ४२ किलोन्यूटन, म्हणजे एका नटामागे चार टनांहून जास्त! सहा नटांची २५० किलोन्यूटन. घर्षणांक ०.१५ धरला तरी ३७ किलोन्यूटनपर्यंतच्या जोराला चाक जागचं हलत नाही.

मग स्टड लांबतो किती? आट्यांच्या जागी त्याचं क्षेत्रफळ सुमारे ८८ चौरस मिमी, म्हणून प्रतिबल (क्षेत्रफळाच्या एककावरचा ताण) ४७० मेगापास्कलच्या आसपास. पोलादाचा यंग गुणांक, म्हणजे ताणलं जायला तो किती विरोध करतो याचं माप, २०० गिगापास्कल. ३० मिमी मोकळ्या लांबीला वाढ येते फक्त ०.०७ मिमी, केसाच्या जाडीइतकी. सगळी पकड या केसभर वाढीवर उभी आहे.

म्हणूनच नटाची बैठक, म्हणजे त्याचं बूड चाकावर जिथे टेकतं ती जागा, महत्त्वाची. टोयोटाच्या अनेक मूळ अलॉय चाकांना सपाट वॉशरचे नट असतात, होंडाच्या बऱ्याच चाकांना गोल बुडाचे, तर बाजारातल्या बहुतेक अलॉय चाकांना ६० अंशांच्या शंकूचे लागतात. शंकूच्या बैठकीत गोल बुडाचा नट घातला तर तो एका बारीक कड्यावरच टेकतो आणि तिथलं अ‍ॅल्युमिनियम दबतं. ते ०.०५ मिमी दबलं तरी ०.०७ पैकी जेमतेम ०.०२ उरते. दोन-तृतीयांशाहून अधिक पकड गेली, आणि नट तसूभरही फिरलेला नाही! यानंतर चाक सूक्ष्म अंतराने सरकू लागतं. अशा आडव्या सरकण्याने नट आपोआप उलटा फिरून सुटतो, हे गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये दाखवून दिलं.

दसऱ्याला गाडीची पूजा जरूर करावी, पण बोनेटला बांधलेलं लिंबू ही पकड राखत नाही. रंगीत ‘रेसिंग’ नटांनीही ती वाढत नाही.

आट्यांना ऑइल लावू नका. वरच्या भागाकारातला ०.२ हा गुणांक ०.१५ वर आला की त्याच टॉर्कला ओढ एक-तृतीयांशाने वाढते, आणि स्टड कायमचा ताणला जाऊ शकतो. नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंचनेच आवळून घ्या. नव्या चाकांच्या बैठकीतला रंगाचा थरही सुरुवातीला दबतो, म्हणून ८० ते १०० किलोमीटर धावल्यावर, चाकं गार असताना, प्रत्येक नट त्याच टॉर्कवर पुन्हा तपासायचा.