दारूबंदीच्या कायद्याखाली बसलेली मुंबई: परमिट रूमची पार्श्वभूमी

मुंबईत शनिवारी संध्याकाळी एखाद्या बारमध्ये बसून व्हिस्कीचा पेग मागवणाऱ्याकडे कायद्यानुसार स्वतःच्या नावाचा परवाना असावा लागतो. विदेशी मद्यासाठी (व्हिस्की, बिअर वगैरे, इथे बनलेलीसुद्धा) एका दिवसाचा परवाना पाच रुपयांत मिळतो, वर्षभराचा शंभर रुपयांत आणि आजन्म परवाना हजार रुपयांत. बहुतेक गिऱ्हाइकांनी हा कागद डोळ्यांनीही पाहिलेला नसतो. बारवाला एकदिवसीय परवान्यांची पुस्तकं आणून ठेवतो आणि हिशेब जुळवण्यापुरती ती भरली जातात. हा निव्वळ जुना सोपस्कार वाटतो, पण इथल्या मद्यविक्रीचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. महाराष्ट्रात दारू प्यायला मोकळीक देणारा कायदा कधी झालाच नाही. आहे तो १९४९ चा दारूबंदी अधिनियम. तो आधी सगळं मना करतो आणि मग परवाना, पास, अनुज्ञप्ती अशा फटींतून थोडं थोडं सोडतो. शहरातल्या ‘बसण्या’ची रीत या फटींनी घडवली आहे.

बंदीच्या आधीचं चित्र वेगळं होतं. दादर, माहीम, गिरगावच्या वाड्यांमध्ये माड होते, ते छेदणारे भंडारी होते आणि ताडी-माडीची दुकानं होती. मुंबई अबकारी कायदा १८७८ मध्ये आला आणि झाडापासून दुकानापर्यंत प्रत्येक टप्प्यावर सरकारचा हात आला: माड छेदायचा तर झाडागणिक कर, दारू गाळायची तर परवानगी, विकायची तर परवाना. भंडारी समाजाने याला मोठा विरोध केला. दुकानांच्या धंद्यात पारशी मंडळी बरीच होती. हे १९३९ च्या गोष्टीत महत्त्वाचं ठरतं.

बाहेर जाऊन मजा करायला पैशांच्या आधी सुट्टी लागते. मुंबईच्या गिरणी कामगाराला साप्ताहिक सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा मिळायला त्यानंतर २९ फेब्रुवारी २०२० उजाडावं लागलं. शहराच्या शनिवार-रविवारच्या गर्दीची चर्चा करताना लोखंड्यांचं नाव क्वचितच निघतं, हे बरोबर नाही.

१९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं. त्यातले आरोग्य आणि अबकारी खातं सांभाळणारे डॉ. गिल्डर स्वतः पारशी होते, म्हणजे दारूच्या दुकानांचा धंदा करणाऱ्या समाजातलेच. त्यांनी १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. बुडणारा महसूल भरून काढायला शहरातल्या स्थावर मालमत्तेवर दहा टक्के कर बसवला, आणि घरमालकांपासून दुकानदारांपर्यंत सगळे नाराज झाले. काही महिन्यांतच काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि १९४० मध्ये उच्च न्यायालयाने बंदीची अधिसूचनाच अवैध ठरवली. पहिला प्रयोग असा कोलमडला. त्यातून राज्यकर्त्यांनी घेतलेला धडा मात्र पुढे टिकला: बंदी अधिसूचनेवर टांगून ठेवायची नाही, त्यासाठी अभेद्य असा स्वतंत्र कायदाच हवा.

तो कायदा मोरारजी देसाई गृहमंत्री असताना झाला. १९४९ चा अधिनियम १६ जून १९४९ रोजी अमलात आला आणि एप्रिल १९५० पासून संपूर्ण बंदी सुरू झाली. कायदा इतका पसरट होता की अल्कोहोल असलेलं औषध आणि अत्तरही त्याच्या जाळ्यात सापडलं. बलसारा नावाच्या नागरिकाने न्यायालयात मागणी केली ती व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर यांच्याबरोबर ओ-द-कोलोन आणि लव्हेंडर वॉटर वापरण्याच्या हक्काचीही. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये औषधं आणि प्रसाधनांना लागू होणारी कलमं रद्द केली, पण पिण्याच्या दारूवरची बंदी कायम ठेवली. आजही कोणी ‘परवाना कशाला?’ म्हणून वाद घालू लागला, तर उत्तर या निकालापाशी येऊन थांबतं.

परमिट रूम जन्मली ती या काळात. परदेशी पाहुणे आणि प्रकृतीच्या कारणासाठी दारू ‘लागते’ असं प्रमाणपत्र मिळवलेले मोजके लोक, एवढ्यांनाच परमिट मिळे. मोठ्या हॉटेलांत त्यांच्यासाठी वेगळी खोली राखली जाई आणि बिनपरमिटवाल्याला तिथे प्रवेश नसे. ही अट नीट पाहिली की पुढच्या बारचं रूप उलगडतं. भोजनगृहापासून तोडलेली जागा, काळ्या काचा, मंद दिवे, रस्त्यावरून आत काही दिसू नये अशी दारं. कित्येकांना तो सौंदर्यदृष्टीचा अभाव वाटतो. मुळात ती कायद्याची आखणी होती, नंतर सवय झाली. पुढे ‘फॅमिली रूम’ वेगळी काढण्याची पद्धत पडली तीही या विभागणीतूनच.

ज्यांना परमिट मिळत नव्हतं ते प्यायचे थांबले नाहीत. माहीम, वांद्रे, धोबी तलाव या भागांत घरातल्या ओट्यावर, पडद्यामागे दारू विकणाऱ्या ‘आंटी’ उभ्या राहिल्या. धारावीसारख्या वस्त्यांच्या खाडीकाठी हातभट्ट्या पेटल्या. काळा गूळ, नवसागर आणि सडकी फळं पाण्यात आंबवायची, ते रसायन पिंपात तापवायचं आणि वाफ थंड करून उतरवायची, एवढीच कृती. या भट्टीच्या दारूने यकृत जातं, पण एका रात्रीत माणसं मरतात ती बहुतेक वेळा भट्टीमुळे नाही. कोणी तरी स्वस्तात नशा वाढवायला कारखान्यातलं मिथेनॉल मिसळतो तेव्हा ती मरतात. मिथेनॉल चवीला, वासाला जवळपास साध्या दारूसारखंच असतं. शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं आणि पहिला घाव डोळ्यांच्या नसेवर बसतो. पिताना काही जाणवत नाही. बारा ते चोवीस तासांनी पोटदुखी, उलट्या आणि धूसर दिसणं सुरू होतं. लोक ते हँगओव्हर समजून घरी पडून राहतात, आणि उपचाराची वेळ निघून जाते. मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये शंभरावर माणसं गेली ती याच विषाने. कायद्याने विक्रीची परवानगी असलेली दारू गरिबाला परवडेनाशी झाली की हा धंदा परत डोकं वर काढतो. दर वाढवणाऱ्या प्रत्येक सरकारने हे समोर ठेवायला हवं.

साठच्या दशकात वसंतराव नाईकांच्या सरकारने दोर सैल सोडायला सुरुवात केली. कारणं उघड होती. हातभट्टी आवरत नव्हती, हप्तेबाजी बोकाळली होती, महसूल बुडत होता, आणि सहकारी साखर कारखान्यांत मळीचे डोंगर साचत होते. मळीपासून अल्कोहोल होतं, त्याला गिऱ्हाईक हवं होतं. परमिट मिळणं सोपं होत गेलं आणि १९७३ च्या देशी मद्य नियमांनी सीलबंद देशी दारूची दुकानं आणि बार अधिकृत झाले. कायद्याचं नाव मात्र दारूबंदीचंच राहिलं. बंदी उठवली असं कोणत्याही सरकारला म्हणायचं नव्हतं. वर्धा जिल्हा गांधीजींचा म्हणून आजही कोरडा आहे, गडचिरोलीतही बंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये लागली आणि २०२१ मध्ये उठली.

परवाने खुले झाल्यावर शहरातल्या खाण्याच्या जागाच बदलल्या. यझद आणि केरमानहून आलेल्या इराण्यांनी नाक्यानाक्यावर उघडलेली हॉटेलं चहा, ब्रून-मस्का आणि खिम्यावर चालत. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, दोन बाजूंनी उघडं दुकान. एका चहावर गिऱ्हाईक तासभर बसलं तर भाडं निघत नाही, ते बिअरवर निघतं. म्हणून कित्येक इराणी हॉटेलांनी परवाना घेतला, अर्ध्या भागात पडदी उभारली आणि बाकीच्या अर्ध्यात चहा चालू ठेवला. काहींनी चहा पार बंद केला. आज जुन्या मुंबईत नाक्यावरचा बार दिसला आणि त्याला दोन रस्त्यांवर दारं असली, तर तिथे आधी इराणी असण्याची शक्यता दाट.

आता परवान्याची यंत्रणा. विदेशी मद्याच्या १९५३ च्या नियमांत नमुने ठरलेले आहेत: वाइन शॉपला एफएल-२ (एफएल म्हणजे फॉरेन लिकर), हॉटेलातल्या परमिट रूमला एफएल-३, क्लबला एफएल-४. देशी बारला सीएल-३ (सीएल म्हणजे कंट्री लिकर). एफएल-३ एकटा कामाचा नाही. आधी खाद्यगृहाचा परवाना, महापालिकेचा आरोग्य परवाना, अग्निशमन दलाचं ना-हरकत प्रमाणपत्र, अन्नसुरक्षेची नोंदणी, शाळा आणि प्रार्थनास्थळापासूनचं अंतर हे सगळं जुळावं लागतं. सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे मंजूर नकाशा. त्यात दाखवलेल्या चौकटीतच मद्य देता येतं. पुढचा ओटा, मागचं अंगण, गच्ची नकाशात नसेल तर तिथे ठेवलेला एक ग्लाससुद्धा नियमभंग ठरतो, आणि बहुतेक प्रकरणं अशाच ‘वाढीव’ जागेवरून होतात.

दुसरी चूक साठ्यात होते. ब्रँडनिहाय नोंदवहीत रोज उघडलेल्या आणि शिल्लक बाटल्या मिलिलिटरपर्यंत जुळाव्या लागतात. पेग मोजण्याचं माप वैधमापन खात्याने मुद्रांकित केलेलं हवं: ३० मिलिलिटरचा लहान, ६० चा मोठा. ७५० च्या बाटलीत ३० चे पंचवीस पेग बसतात. हात सैल सोडून ओतलं तर महिनाअखेर तूट दिसते, आखडून ओतलं तर शिल्लक वाढते, आणि तपासणीला आलेला निरीक्षक दोन्हीला विसंगतीच म्हणतो. कामगारांची नोंद नोकरनाम्यात असावी लागते. त्यात नाव नसलेला पोऱ्या टेबलावर बाटली घेऊन गेला, तरी मालक अडचणीत येतो. गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहायचं तर वयाची अट आहे: बिअर आणि वाइनला २१, बाकी मद्याला २५. बहुतेक राज्यांत ही २५ ची मर्यादा कमी आहे, त्यामुळे बाहेरून शिकायला आलेली मुलं इथे फसतात.

गिऱ्हाइकाला आणखी एका आकड्याची गल्लत महाग पडते. दारूबंदी कायदा रक्तातल्या ०.०५ टक्के अल्कोहोलवर, म्हणजे १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमवर, मद्यपानाचं गृहीतक धरतो. वाहन चालवणाऱ्याला मोटार वाहन कायद्याची ३० मिलिग्रॅमची मर्यादा लागू होते. खिशातलं आजन्म परमिट तिथे काही कामाचं नाही.

१९८२ च्या संपानंतर गिरणगाव विझत गेलं. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांच्या जमिनी विकासाला खुल्या केल्या आणि लोअर परळच्या आवारांत कार्यालयांमागोमाग पब आले. परमिट रूमच्या बंद खोलीपेक्षा हा उलटा प्रकार होता: उघडी गच्ची, मोठा आवाज, दिसण्याची हौस. महापालिकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये गच्चीवरच्या हॉटेलांचं धोरण मंजूर केलं. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारात गच्चीवर आग लागून १४ जण मेले. पेट घेणारं छत, सजावटीचं साहित्य आणि अडलेल्या वाटा यांनी घात केला. अनेक जण स्वच्छतागृहात आसरा घ्यायला गेले आणि धुराने गुदमरले. गच्चीवर बसताना दुसरा जिना कुठे आहे आणि तो बाटल्यांच्या क्रेटने अडवलेला तर नाही, हे जागा निवडण्याआधी पाहावं. धूर दिसला की स्वच्छतागृहाकडे कधीही जाऊ नये.

बार नको म्हणणाऱ्यांनाही कायद्यात वाट आहे. २००८ च्या आदेशानुसार गावातल्या किंवा प्रभागातल्या महिला मतदारांनी मागणी केली तर मतदान घेतलं जातं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चिन्हं असतात. झालेल्या मतांच्या निम्म्याहून जास्त मतं पुरेशी नाहीत, नोंदलेल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत द्यावं लागतं. म्हणून घरी राहिलेली प्रत्येक बाई आपसूक उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते आणि कित्येक ठराव तिथेच पडतात. २०१६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून ५०० मीटरपर्यंत विक्री बंद केली तेव्हा १ एप्रिल २०१७ पासून एका रात्रीत रांगेने बार मिटले. नंतर महापालिका हद्दीतल्यांना सूट मिळाली.

वेळेचा घोळ अजून संपलेला नाही. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने खाद्यगृहांना चोवीस तास उघडं राहता येतं, आणि जानेवारी २०२० मध्ये मुंबईत ‘नाइट लाइफ’चा गाजावाजा करून त्याची सुरुवातही झाली. उत्पादन शुल्काचे नियम मात्र तेव्हा हलले नाहीत. मुंबईत परमिट रूमचा गल्ला रात्री दीडला बंद होतो, म्हणून शेवटची ऑर्डर त्याआधीच घेतली जाते. स्वयंपाकघर पहाटेपर्यंत चालू ठेवायचं म्हटलं तरी ज्या पेगवर भाडं निघतं तोच बंद झाल्यावर आचारी, वेटर आणि वीज परवडत नाही. त्यातच नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममधल्या मद्यावरचा व्हॅट पाचवरून दहा टक्के झाला आणि २०२५ मध्ये उत्पादन शुल्कही वाढलं. वाइन शॉपमधली बाटली आणि टेबलावरचा पेग यांच्या दरातली दरी रुंदावली. गिऱ्हाईक क्वार्टर घेऊन घरच्या गच्चीवर बसू लागलं, आणि तिथे विनापरवाना पार्टी झाली तर पुन्हा १९४९ चा कायदाच लागू होतो.