पोटापुरते आणि पोषणापुरते

"कमी पैशांतही सकस खाता येते, फक्त नीट नियोजन हवे." महिन्याचा किराणा मोजूनमापून भरणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य कुणी ना कुणी ऐकवलेले असते. धडधाकट राहायला माणसाला खाण्यावर कमीत कमी किती खर्च येतो, याचा कुठला तरी आकडा त्यामागे गृहीत असतो. असे आकडे गेली सव्वाशे वर्षे काढले जात आहेत. त्यांतले बहुतेक निव्वळ तग धरण्यापुरते होते, आणि काढणाऱ्यांनी तसे स्पष्ट लिहूनही ठेवले होते. पुढच्यांनी आकडा उचलला आणि ती सूचना मागेच राहिली.

सुरुवात खर्चाच्या वह्यांपासून झाली. १८५७ मध्ये सॅक्सनीतले संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले. कुटुंब जितके गरीब, तितका मिळकतीचा मोठा वाटा खाण्यावर जातो, असे त्यांना दिसले. हा नियम आजही टिकून आहे. अन्नाचे भाव थोडे वाढले तरी एका घरात कुणाच्या लक्षातही येत नाही आणि दुसऱ्या घरात दूध बंद होते, याचे कारण तोच सांगतो.

१८९४ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यासाठी विल्बर ॲटवॉटर यांनी अन्नाचे पोषणमूल्य आणि किंमत शेजारी शेजारी मांडली. २५ सेंटांत कुठल्या पदार्थातून किती प्रथिने आणि किती उष्मांक मिळतात, अशी कोष्टके त्यांनी केली. काम प्रामाणिक होते, पण जीवनसत्त्वांचा शोध अजून लागायचा होता. 'व्हिटामिन' हा शब्दच १९१२ मध्ये काझिमिर फुंक यांनी दिला. त्यामुळे पालेभाज्या आणि फळे या हिशेबात तोट्याची ठरली. त्यांत पाणी जास्त, उष्मांक कमी, मग पैसे कशाला घालवायचे? 'भाजी म्हणजे चैन' या समजुतीला तेव्हा विज्ञानाचा शिक्का मिळाला.

त्याच सुमारास, १८९० मध्ये, बॉस्टनमध्ये एलन रिचर्ड्स आणि मेरी हिन्मन एबल यांनी गरिबांसाठी स्वस्त आणि पौष्टिक शिजवलेले अन्न विकणारे स्वयंपाकघर उघडले. प्रमाण ठरलेले, चव कायम तीच. आसपासच्या स्थलांतरित वस्तीने त्याकडे पाठ फिरवली. मला जे खावेसे वाटते तेच मी खाणार, असे एका बाईने सुनावल्याची नोंद आहे. गरिबाच्या जिभेलाही आवडनिवड असते, ही गोष्ट हिशेबात धरलेलीच नव्हती.

इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात समाजसंशोधक सीबोम राउंट्री यांनी १८९९ मध्ये घरोघरी पाहणी केली आणि १९०१ मध्ये निष्कर्ष छापले. आईवडील आणि तीन मुले यांना नुसते शरीर चालते ठेवायला आठवड्याला २१ शिलिंग ८ पेन्स लागतात, असे गणित त्यांनी मांडले. त्यांतले १२ शिलिंग ९ पेन्स अन्नाचे. या आहारात ताजे मांस अजिबात नव्हते. वर्कहाऊस म्हणजे सरकारी अनाथगृहासारख्या आश्रयगृहातल्या निराधारांना मिळे त्याहूनही तो कमी होता. या रकमेत जगणे म्हणजे काय, हेही राउंट्री यांनी फोड करून सांगितले. कुटुंबाने बसने जायचे नाही. वर्तमानपत्र घ्यायचे नाही. दूर गेलेल्या मुलांना पत्र पाठवायचे नाही, कारण टपालाला पैसे नाहीत. लहानग्यांना गोट्या, बाहुली, गोळ्या काही नाही. मला हे पान या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचे वाटते. आकडा मांडणाराच वाचकाला बजावत होता की याला जगणे म्हणू नका.

१९३६ मध्ये आहारशास्त्रज्ञ जॉन बॉइड ऑर यांनी ब्रिटनपुरता प्रश्न उलटा विचारला. तगायला किती लागते हे नको. उत्तम आरोग्याला किती लागते? या मापाने देशातल्या जवळपास निम्म्या लोकांचा आहार अपुरा निघाला. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेचे पहिले महासंचालक झाले.

स्वस्त आहाराचे गणित टोकाला नेले ते अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी, १९४५ मध्ये. ७७ पदार्थ, नऊ पोषक घटक, ७० किलो वजनाचा कामकरी पुरुष, आणि अट एकच: खर्च कमीत कमी. १९३९ च्या भावाने उत्तर आले वर्षाला ३९.९३ डॉलर. यादीत उरले पाच पदार्थ: गव्हाचे पीठ, आटवलेल्या दुधाचे डबे, कोबी, पालक आणि वाळलेला पांढरा घेवडा. वर्षाची यादी दिवसावर आणली तर रोज साधारण ४६० ग्रॅम पीठ, ३५० ग्रॅम घेवडा, १४० ग्रॅम कोबी, जेमतेम २८ ग्रॅम पालक, आणि दुधाचा डबा आठवड्याला एकाहून थोडा जास्त. हे तीनशे पासष्ट दिवस, दोन्ही वेळा. तेल नाही, फळ नाही, चवीचे काहीच नाही. असा आहार कुणालाही सुचवू नये, असे स्टिगलर यांनी स्वतः लिहिले होते.

दोन वर्षांनी गणितज्ञ जॉर्ज डँट्झिग यांची नवी गणिती पद्धत तपासायला हेच उदाहरण निवडले गेले. नऊ कारकुनांनी हाताने चालवायच्या यंत्रांवर आकडेमोड केली. एका माणसाचे १२० दिवसांचे काम भरले, आणि उत्तर निघाले ३९.६९ डॉलर. स्टिगलर यांचा अंदाज फक्त २४ सेंटांनी चुकला होता. पुढे डँट्झिग यांनी वजन उतरवायला स्वतःचा आहार संगणकाकडून ठरवून घेतला, तेव्हा पहिल्या यादीत ५०० गॅलन व्हिनेगर निघाले. ते वगळले, तर पाण्यात विरघळवून सूप करायच्या दिवसाला २०० वड्या आल्या. शेवटी त्यांच्या पत्नीने स्वतः आहार आखून दिला आणि त्यावर वजन उतरले.

१९६० च्या दशकात सरकारी अर्थतज्ज्ञ मॉली ऑर्शान्स्की यांनी अमेरिकेसाठी दारिद्र्याची रेषा काढली. गरिबीवर लिहायला मला कल्पनाशक्ती लागत नाही, आठवणी पुरतात, असे त्या म्हणत. त्यांनी कृषी खात्याच्या सर्वांत स्वस्त आहारयोजनेचा खर्च घेतला आणि त्याला तीनने गुणले, कारण १९५५ च्या पाहणीत कुटुंबांच्या मिळकतीचा सुमारे एक तृतीयांश भाग अन्नावर जात होता. ही योजना हात आखडलेल्या काळात तात्पुरती वापरायची म्हणून आखलेली होती. १९६९ मध्ये मात्र तिच्यावर उभी राहिलेली रेषा सरकारी झाली. तात्पुरत्याचे कायम झाले ते असे. १९७५ मध्ये त्या योजनेची जागा दुसऱ्या काटकसरी योजनेने घेतली. अन्नसाहाय्याची रक्कम त्यावरून ठरू लागली, आणि पुढची सेहेचाळीस वर्षे महागाईपलीकडे तिची किंमत वाढू दिली गेली नाही. २०२१ मध्ये ते बंधन काढून हिशेब नव्याने केला, तेव्हा खर्च एकदम २१ टक्क्यांनी वाढला. इतकी वर्षे गृहिणीचे नियोजन कमी पडत नव्हते. रक्कमच कमी होती.

याच शतकाच्या सुरुवातीला आणखी एक गोष्ट आकड्यांत आली. ॲडम ड्रेव्नोव्स्की आणि इतर संशोधकांनी अन्नाची किंमत वजनाऐवजी उष्मांकावर मोजली. साखर, तेल आणि मैदा या मापात फार स्वस्त, तर भाज्या आणि फळे कितीतरी महाग पडतात. कारण साधे आहे. कोरडा माल महिनोन्‌महिने टिकतो, पोत्यात भरून कुठेही नेता येतो. भाजी निम्म्या वाटेत कोमेजते आणि नासलेल्या मालाची किंमतही उरलेल्यावर चढते. पैसे कमी असताना भूक आधी भागवायची असते, आणि भूक उष्मांकांनी भागते. असे खरेदी करणाऱ्याला अडाणी म्हणणे अन्याय आहे.

२०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पाच संस्थांच्या अहवालाने जगभरासाठी तीन वेगळे आकडे दिले, प्रत्येक देशात डॉलरची खरेदीशक्ती सारखी धरून. नुसते उष्मांक भरायचे तर माणशी दिवसाला ०.७९ डॉलर. आवश्यक पोषक घटक मिळवायचे तर २.३३. आणि भाज्या, फळे, कडधान्ये, दूध यांचे वैविध्य असलेला सकस आहार हवा तर ३.७५. त्या वेळी आंतरराष्ट्रीय दारिद्र्यरेषा दिवसाला १.९० डॉलर होती, आणि तीही सगळ्या खर्चांची मिळून. म्हणजे रेषेच्या जेमतेम वर आलेल्या माणसाने घरभाडे, कपडा, औषध सगळे सोडून दिले असते तरी सकस ताट त्याच्या आवाक्यात आले नसते. तीनशे कोटींहून जास्त लोकांना असा आहार परवडत नाही, असे त्या अहवालात म्हटले होते.

तेव्हापासून हा तिसरा आकडा नियमित काढला जातो. त्यात बाजारातल्या सर्वांत स्वस्त जिनसांचे भाव धरलेले असतात. चुलीचे इंधन, बाजारापर्यंतचे जाणे-येणे, आणि कडधान्य भिजत घालून, भाजी निवडून, शिजवून वाढेपर्यंत गेलेले तास त्यात धरलेले नाहीत.