मीटिंगमध्ये आडनाव का विचारत नाहीत? दारू सोडणाऱ्यांच्या गटांची पार्श्वभूमी

दारू सोडायची म्हणून पहिल्यांदा मीटिंगला गेलेला माणूस बावरतो. फी नाही, फॉर्म नाही, आडनाव कुणी विचारत नाही. समोर डॉक्टर नसतो. बोलणारा प्रत्येक जण एकेकाळी पिणाराच असतो. ‘हे मला काय बरं करणार?’ असं मनात येतं आणि कित्येक जण दारातूनच मागे फिरतात. इथली प्रत्येक रीत कुणीतरी ठेच खाऊन घालून दिली आहे. ती कशी पडली हे कळलं, तर दारातून आत जाणं थोडं सोपं होतं.

पिणाऱ्यांनीच पिणाऱ्यांना सावरायचं, हा प्रयोग १८४० साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये मोठ्या प्रमाणावर झाला. गुत्त्यात नेहमी एकत्र बसणाऱ्या सहा जणांनी दारू सोडण्याची शपथ घेतली आणि त्यातून ‘वॉशिंग्टोनियन’ चळवळ उभी राहिली. उपदेश करायचा नाही, उभं राहून आपली हकिगत सांगायची, ही त्यांची पद्धत. लोक हजारोंनी आले. पण दारूबंदीचे वाद आणि राजकारण आत शिरलं आणि काही वर्षांतच चळवळ विरून गेली.

आजच्या मीटिंगचं मूळ आहे ते १९३५ च्या मे महिन्यात, ओहायोतल्या ॲक्रन शहरात. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात काम केलेला बिल विल्सन तिथे एका व्यवहारासाठी आला होता. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. व्यवहार फिसकटला. हॉटेलच्या लॉबीत तो एकटाच, आणि बारमधून हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. आपण आता पिणार, ही भीती त्याला वाटली आणि त्याच वेळी एक गोष्ट लक्षात आली. गेले काही महिने तो इतर पिणाऱ्यांना समजवत फिरत होता. त्यातलं कुणी सुधारलं नव्हतं, पण तो स्वतः मात्र टिकला होता. त्याने चर्चच्या यादीवरून फोन करायला सुरुवात केली. मदत मागितली ती स्वतःसाठी, पण मागणी अशी, की मला एखाद्या पिणाऱ्याशी बोलायचं आहे.

दुसऱ्या दिवशी त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी पडली. डॉक्टर पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबायला तयार नव्हते. प्रत्यक्षात बोलणं रात्री अकरापर्यंत चाललं. आजवर त्यांना खूप जणांनी शहाणपण शिकवलं होतं. हा माणूस मात्र फक्त आपलं काय झालं ते सांगत होता. काही आठवड्यांनी डॉक्टर एका वैद्यकीय परिषदेला गेले आणि पुन्हा प्यायले. परतल्यावर ते सावरले, आणि १० जून १९३५ ला त्यांनी घेतलेला घोट शेवटचा ठरला. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, हाच दिवस आपला स्थापना दिवस मानते. स्लिप झाली, म्हणजे सोडल्यावर पुन्हा प्यायलो, म्हणून तोंड लपवणाऱ्या प्रत्येकाला ही तारीख सांगावी, असं मला फार वाटतं.

सुरुवातीला गट शोधणं म्हणजे नशिबाचाच भाग होता. १९३९ मध्ये एएचं पुस्तक निघालं, पण फारसं खपलं नाही. मार्च १९४१ मध्ये ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकात मोठा लेख आला आणि पत्रांचा पाऊस पडला. वर्षअखेरीस सदस्य सुमारे दोन हजारांवरून आठ हजारांवर गेले.

पसारा वाढला तशी भांडणंही वाढली. बिलने मग १९४६ मध्ये बारा परंपरा, म्हणजे गट कसे चालवायचे याची तत्त्वं, मांडल्या आणि १९५० मध्ये क्लीव्हलँडच्या अधिवेशनात त्या मंजूर झाल्या. बाहेरच्या वादांवर मत द्यायचं नाही, खर्च आपल्याच वर्गणीतून भागवायचा, सदस्य व्हायला पिणं थांबवण्याची इच्छा एवढीच अट. नाव न सांगण्यामागे आधी नोकरी आणि अब्रू जाण्याची भीती होती. पुढे कुणी एकाने संस्थेचा चेहरा होऊन मिरवू नये, हाही विचार त्यात आला.

देवाचा उल्लेख अनेकांना अडतो. एएच्या बारा पायऱ्यांवर, म्हणजे दारूतून सावरण्यासाठी सांगितलेल्या बारा टप्प्यांवर, ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीची छाप आहे. ‘आम्हाला समजेल तसा ईश्वर’ ही मोकळीक नास्तिक सदस्यांच्या आग्रहामुळे आली. तेही पटत नसेल, तर १९९४ पासून स्मार्ट रिकव्हरी हा वेगळा मदतगट आहे, १९७५ पासून खास स्त्रियांसाठी विमेन फॉर सोब्रायटी आहे. दोन्हीकडे बारा पायऱ्या नाहीत.

या सगळ्याचा उपयोग होतो का? २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे आधीचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या अहवालात, २७ अभ्यास आणि दहा हजारांहून जास्त माणसं होती. लोकांना पद्धतशीरपणे एएशी जोडून देणारे उपचार सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केल्यास झटके येऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं. त्यासाठी आधी डॉक्टरच हवा. ॲक्रनमध्येही सुरुवातीच्या अनेकांना आधी इस्पितळातच ठेवत.

आज पत्ता आणि वेळ संस्थांच्या संकेतस्थळांवर मिळते, ऑनलाइन मीटिंगही असतात. ओपन मीटिंगला कुणीही बसू शकतं, क्लोज्ड मीटिंग फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी. बोलण्याची सक्ती सहसा नसते. एक गट रुचला नाही तर दुसरा पाहावा, माणसं बदलली की खोलीही बदलते. आणि पिणारा यायलाच तयार नसेल, तर घरच्यांनी स्वतः जावं. बिलची पत्नी लोइस हिने १९५१ मध्ये सुरू केलेलं अल-अनॉन त्यांच्यासाठीच आहे, आणि तिथे जायला पिणाऱ्याने दारू सोडलेली असावी लागत नाही.