ऱ्हेनियाइट: पहिलेपणाच्या वादाची पार्श्वभूमी

पहिलं ऱ्हेनियम खनिज कोणतं, या वादाच्या मुळाशी ऱ्हेनियाइट आहे. १९९२ साली रशियाच्या अतिपूर्वेकडच्या कुरील बेटांतल्या इतुरुप बेटावर, कुद्र्यावी ज्वालामुखीच्या माथ्यावरच्या वायुमुखांपाशी, म्हणजे तप्त वायू बाहेर पडणाऱ्या भेगांपाशी, रुपेरी-करड्या खपल्या सापडल्या. गोळा करणाऱ्या रशियन तुकडीला त्या मॉलिब्डेनाइटच्याच, म्हणजे मॉलिब्डेनम या धातूच्या गंधकयुक्त खनिजाच्या वाटल्या, आणि तसं वाटणं साहजिक होतं. रंग तोच, धातूसारखी चमक तीच, अभ्रकासारखे पातळ थर तसेच. शिवाय त्या मुखांजवळ खरंखुरं मॉलिब्डेनाइटही मिळत होतंच. पुढे प्रयोगशाळेत रासायनिक विश्लेषण झालं आणि त्या खपल्यांमध्ये गंधकाच्या जोडीला मॉलिब्डेनम नव्हे, ऱ्हेनियम हा अतिदुर्मीळ धातू निघाला. एखाद्या खनिजात अंशरूपाने दडलेलं नव्हे, तर स्वतःच्या नावावर बसलेलं. सूत्र आरई-एस-२, म्हणजे ऱ्हेनियम डायसल्फाइड. हेच ऱ्हेनियाइट. वजनाच्या हिशेबाने त्यात सुमारे ७४ टक्के ऱ्हेनियम असतं.

ही गोष्ट एवढी मोठी का, हे कळायला ऱ्हेनियमचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. १९२५ मध्ये जर्मनीत हे मूलद्रव्य ओळखलं गेलं. त्याआधी १९०८ मध्ये एका जपानी रसायनशास्त्रज्ञाला ते हाती लागलं होतं, पण त्यांनी त्याला मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीत चुकीच्या घरात, ४३ व्या जागी बसवलं आणि श्रेय हुकलं. १९२८ मध्ये जेमतेम एक ग्रॅम धातू मिळवायला ६६० किलो मॉलिब्डेनाइट गाळावं लागलं. पृथ्वीच्या कवचात त्याचं प्रमाण अब्जांश भागांत मोजावं लागतं, आणि जे आहे तेही विखुरलेलं. त्याचा चतुःसंयुजी आयन (चार इलेक्ट्रॉन गमावलेला अणू) मॉलिब्डेनमच्या तशाच आयनाच्या जवळपास आकाराचा असल्याने तो मॉलिब्डेनाइटच्या स्फटिकजाळीत सहज शिरतो आणि तिथेच राहतो. जेट इंजिनांच्या पात्यांसाठी आणि तेलशुद्धीकरणातल्या उत्प्रेरकांसाठी लागणारं ऱ्हेनियम आजही मुख्यतः तांबं-मॉलिब्डेनमच्या खाणींचं जोडउत्पादन म्हणूनच येतं.

कुद्र्यावीवर मात्र ही जोडी तुटते. १८८३ नंतर तिथे लाव्हा बाहेर पडलेला नाही, पण खालचा शिलारस वायू सोडतच राहिला आहे. १९९२ च्या सुमारास मोजलेलं कमाल तापमान ९४० अंश सेल्सिअस होतं. वायूत बहुतांश पाण्याची वाफ, सोबत कार्बन आणि गंधकाची संयुगं, हायड्रोजन क्लोराइड. इतक्या उष्णतेत जड धातूही वायूबरोबर वर येतात आणि वायू थंड होत जाईल तसतसे आपापल्या तापमानाला दगडावर उतरतात. एकाच भेगेच्या काठावर आत एक खनिज, थोडं बाहेर दुसरं, त्याहून बाहेर तिसरं असे पट्टे दिसतात. मॉलिब्डेनम आणि ऱ्हेनियम यांचं वायूतून उतरण्याचं तापमान सारखं नसल्याने, खडकात जे वेगळं होत नाही ते इथे वेगळं होतं. या ज्वालामुखीतून वर्षाला २० ते ६० किलो ऱ्हेनियम हवेत जातं असा अंदाज आहे.

१९९४ मध्ये एका नामांकित विज्ञान नियतकालिकात या शोधाची छोटी टिपणी आली. शुद्ध ऱ्हेनियम खनिज, असा तिचा सूर. आणि इथूनच गुंता सुरू झाला, जो मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

एक म्हणजे, 'पहिलं ऱ्हेनियम खनिज' हा दावा त्याआधीच कुणीतरी केला होता. १९६० च्या दशकात कझाकस्तानातल्या झेझकाझगानच्या तांब्याच्या साठ्यातून झेझकाझगानाइट नावाचं खनिज जाहीर झालं होतं. त्याचे कण इतके बारीक आणि दुसऱ्या सल्फाइडांत (धातू आणि गंधकाच्या संयुगांत) इतके गुंतलेले की त्यांची स्फटिकरचना नीट सिद्ध करता आली नाही. सूत्रावरही एकमत झालं नाही. कधी तांबं-ऱ्हेनियमचं सल्फाइड, कधी त्यात मॉलिब्डेनम आणि शिसंही. खनिजांच्या यादीत ते शंकास्पद म्हणूनच राहिलं. मग पहिलेपणाचा मान त्याला द्यायचा का? माझ्या मते नाही. नाव आधी दिलं म्हणजे खनिज आधी सापडलं असं होत नाही. रचना दाखवता यायला हवी.

दुसरं म्हणजे मान्यतेची तारीख. खनिजांची नावं मंजूर करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीकडे ऱ्हेनियाइटचा प्रस्ताव १९९९ च्या क्रमांकाने नोंदला आहे आणि त्या क्रमांकामागे एक छोटं अक्षर जोडलेलं आहे. प्रस्ताव पुन्हा सादर झाल्याची ती खूण. अंतिम मान्यता आली २००४ मध्ये. दरम्यान फिनलंडमधल्या हितुरा निकेल खाणीतून टार्कियानाइट हे तांबं, लोह, ऱ्हेनियम आणि मॉलिब्डेनम यांचं सल्फाइड २००३ मध्ये मंजूर होऊन गेलं होतं. कागदावर पाहिलं तर टार्कियानाइट आधीचं. सापडण्याच्या क्रमाने पाहिलं तर इतुरुपच्या खपल्या दशकभर आधीच्या. संदर्भग्रंथ जेव्हा नुसतं मान्यतेचं वर्ष छापतात तेव्हा वाचकाचा समज चुकीचा होतो, आणि तो दुरुस्त व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं.

इतका वेळ लागावा असं त्या खपल्यांत काय होतं? पातळ, वाकणारे, थर सरकणारे स्फटिक क्ष-किरणांना सहजासहजी दाद देत नाहीत. त्यात ऱ्हेनियाइटची सममिती फार खालच्या दर्जाची, त्रिनताक्ष, म्हणजे तिन्ही अक्ष एकमेकांना तिरके. मॉलिब्डेनाइट नीटनेटकं षट्कोणी असतं. ऱ्हेनियाइटमध्ये धातूचे अणू एकमेकांकडे ओढले जाऊन साखळ्या करतात आणि सगळी जाळी तिरकी होते. नुसत्या डोळ्यांना मात्र यातलं काही दिसत नाही. हातात घेतल्यावर फरक जाणवावा तर घनतेचा: ऱ्हेनियाइट साडेसातच्या आसपास, मॉलिब्डेनाइट पाचाच्याही खाली. पण इवल्याशा खपलीचं वजन हाताला काय सांगणार?

आणखी एक घोळ 'खनिज' या शब्दाचाच. वायुमुखात क्वार्ट्झची नळी खुपसायची, वायू तिच्यातून जाऊ द्यायचा आणि नळीच्या भिंतीवर तापमानानुसार साचलेले पट्टे तपासायचे, ही या क्षेत्रातली रुळलेली पद्धत आहे. कुद्र्यावीवरही ती वापरली गेली. नळीत साचलं ते खनिज की प्रयोगाचं फळ? वायू निसर्गाचा, उष्णता निसर्गाची, भिंत माणसाची. माणसाच्या हस्तक्षेपाने झालेल्या पदार्थांना नवीन खनिज म्हणून घ्यायचं नाही, अशी आजची सर्वसाधारण भूमिका आहे. पूर्वी ग्रीसमधल्या लावरियोनच्या प्राचीन धातुमळीवर (धातू वितळवून उरलेल्या टाकाऊ भागावर) समुद्राच्या पाण्याने तयार झालेली खनिजं स्वीकारली गेली होती. ती यादीत अजून आहेत, पण तशा नव्यांना आता दार बंद आहे. ऱ्हेनियाइटच्या बाबतीत ही अडचण उरत नाही, कारण ते वायुमुखाच्या दगडावरच मिळालं. नळ्यांतल्या पट्ट्यांनी ते कसं उतरतं हे समजावलं, एवढाच त्यांचा वाटा.

टिकण्याच्या बाबतीतही ते इतर वायुमुखी खनिजांपेक्षा सुदैवी आहे. कामचात्कातल्या तोल्बाचिकच्या १९७५-७६ च्या उद्रेकानंतर तिथे सापडलेलं टोल्बाचाइट हे तांब्याचं निर्जल क्लोराइड दमट हवेतलं पाणी शोषून दुसऱ्याच खनिजात बदलतं. ऱ्हेनियाइट पाण्याला दाद देत नाही.

पुढे कुद्र्यावीने आणखी दुर्मीळ सल्फाइडं दिली. कॅडमियम-इंडियमचं कॅडमोइंडाइट आणि ज्वालामुखीचंच नाव मिळालेलं कुद्र्यावाइट ही त्यांतली दोन. १९९९ मध्ये तिथे वाफेचा स्फोट झाला. वायूतून ऱ्हेनियम अडवून घ्यायच्या योजनाही मांडल्या गेल्या. बेट रशियाच्या ताब्यात असलं तरी जपान त्यावर एतोरोफू या नावाने हक्क सांगतो, त्यामुळे अशा योजनांकडे नुसतं खाणकाम म्हणून कुणी पाहत नाही. गेल्या दशकात प्रयोगशाळेत बनवलेल्या ऱ्हेनियम डायसल्फाइडला वेगळंच महत्त्व आलं, कारण त्याचे थर एकमेकांशी इतके सैल जोडलेले असतात की जाड तुकडाही एकेरी थरासारखा वागतो.

आणि 'वायुमुखी खनिज' ही ओळखही आता पुरी पडत नाही. उत्तर ग्रीसमध्ये थ्रेसमधल्या पागोनी राखी इथे ऱ्हेनियाइट सापडलं आहे, आणि तिथे ते खडकातल्या शिरांमध्ये, चार टक्क्यांहून जास्त ऱ्हेनियम पोटात असलेल्या मॉलिब्डेनाइटच्या सोबतीला आहे.