सप्ताहाची गर्दी आणि भजनाची संगत

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी गोव्यातल्या वास्कोत दामोदर देवाचा भजनी सप्ताह लागतो. नाव सप्ताहाचं, अखंड भजन मात्र २४ तासांचं. १९व्या शतकाच्या अखेरीस प्लेगची साथ आली, तेव्हा जांबावलीच्या दामोदराला साकडं घालून हे सुरू झालं, असं सांगतात. मंडळं पाळीपाळीने बसतात. एकाचे टाळ थांबायच्या आत दुसऱ्याचे वाजू लागतात. तिथे उभं राहिलं की अंगावर काटा येतो आणि वाटतं, चांगली संगत लाभली! घोटाळा होतो तो इथेच.

गर्दीत भाव चढतो, यात वाद नाही. पण तिथे आपल्याला ओळखणारं कोण असतं? सूर चुकला तरी शेकडो आवाजांत झाकून जातो. घरी परतल्यावर कुळागराच्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेच्या, पाण्यावरून शेजाऱ्याशी पूर्वीसारखंच भांडायला आपण मोकळे.

संगतीत असं लपता येत नाही. नामदेवांची कथा ठाऊक असेलच. प्रत्यक्ष विठ्ठल ज्याच्याशी बोलतो, त्याला कसली उणीव? पण संतांच्या मेळ्यात गोरोबा कुंभारांनी मडकी थापटायचं थापटणं घेऊन एकेकाचं डोकं तपासलं. बाकीचे गप्प राहिले, नामदेव रागावले आणि कच्चे ठरले. मग ते गुरू म्हणून विसोबा खेचरांकडे गेले. मुद्दा थापटण्याचा नाहीच. मडकं कच्चं आहे हे तोंडावर सांगणारी माणसं जवळ होती, याचा आहे. गावच्या भजनातही ताल सोडून धावणाऱ्या पोराला पखवाजावरचा म्हातारा वादन न थांबवता म्हणतो, "सवकास रे, पुता." पोरगा ओशाळतो, पण पुढच्या अभंगाला लयीत येतो.

अर्थात चार डोकी जमली की संगत झाली, असंही नाही. आरती आटोपल्यावर देवळाच्या पायरीवर कुणाच्या सुनेचं काय चाललंय, याचीच चर्चा रंगत असेल, तर तो नुसता कंपू. गळ्यात तुळशीची माळ असली तरी. माझ्या मते कंपूपेक्षा गर्दी परवडली. ती निदान कुणाची निंदा करत नाही.

सप्ताहात मन लागलं असेल, तर त्यानंतरच्या एखाद्या सोमवारी आपल्या गावच्या देवळातल्या साध्या भजनाला जाऊन बसा. माणसं मोजकी असतात, पेटीवाला कधी येतो, कधी नाही. नवख्याच्या हातात झांज मात्र लगेच पडते.