रस्ता अपघातात जखमी झाल्यास भरपाईचा अर्ज : कुठे, कधी, कोणते कागद

भरपाई मागावी लागते आणि तीही मुदतीत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा असतो. २०१९ च्या दुरुस्तीने त्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली. ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. पोलीस केसचा निकाल लागू दे, मग बघू, असं म्हणत बसू नका. ती केस वेगळी, हा दावा वेगळा.

अर्ज जखमी व्यक्तीने स्वतः करावा, ती अल्पवयीन असल्यास पालकांनी, मृत्यू झाल्यास कायदेशीर वारसांनी. अपघात जिथे झाला, तुम्ही जिथे राहता किंवा कामधंदा करता, किंवा प्रतिवादी (ज्याच्याविरुद्ध दावा आहे तो) जिथे राहतो, यांपैकी कुठल्याही ठिकाणच्या न्यायाधिकरणात तो चालतो. पोलिसांचा सविस्तर अपघात अहवालही अर्ज म्हणून धरता येतो, पण त्यावर विसंबून राहू नये असं माझं मत.

कागद: एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, जखमेचं प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड, औषधांची मूळ बिलं, समोरच्या गाडीचं आरसी आणि विमा पॉलिसी, चालकाचं लायसन्स, तुमचं आधार, वयाचा पुरावा, बँक पासबुक. मेडिक्लेमवाले मूळ बिलं ठेवून घेतात. त्याआधी साक्षांकित प्रती काढून ठेवा. पगारपत्रक किंवा आयकर विवरण नसेल तर मालकाचं पत्र, हजेरीपट, बँकेतल्या नोंदी जोडा.

खरी रस्सीखेच होते ती अपंगत्वाच्या टक्क्यांवरून. सर्टिफिकेटवर ४० टक्के लिहिलं म्हणून कमाईही ४० टक्केच बुडाली, असं धरायचं नसतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच हे स्पष्ट केलं: डावा हात गेला तर सुताराचा किंवा ड्रायव्हरचा धंदाच बसू शकतो, कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. म्हणून आधी काय काम करत होतात आणि आता त्यातलं काय जमत नाही, हे अर्जात नेमकं लिहा. शिडी चढता येत नाही, क्लच दाबता येत नाही, असं. गरज पडली तर डॉक्टरांची साक्षही घ्यावी लागते.

दुसरा रस्ता कलम १६४ चा. चूक कुणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख, मृत्यूला ५ लाख. लवकर सुटतं, पण ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा दावा संपतो. हाड जुळायचं बाकी असताना विमा कंपनीच्या तडजोडीवर सही करणं मला तरी घाईचं वाटतं.

गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज द्यावा. त्यात गंभीर दुखापतीला ५० हजार, मृत्यूला २ लाख मिळतात.

न्यायाधिकरणाचा निवाडा पटला नाही तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं; वादातली रक्कम १ लाखाहून कमी असेल तर नाही.